डोक्याचा खेळ, मग बायकांचा हौदा वेगळा कशाला?

प्रश्न कोल्हापूरच्या एका आईचा आहे. थोडक्यात असा: मुलगी दहा वर्षांची, दोन वर्षं बुद्धिबळ खेळते, शाळेत मुलांना हरवते. जिल्ह्याच्या मुलींच्या गटात नाव घालायचं ठरलं तर आजोबा अडून बसले. ते जुने तालमीतले. म्हणतात, "कुस्तीत ताकदीचा हिशेब असतोय, मान्य. पर ह्यो डोक्याचा खेळ हाय न्हवं? मग बायकांचं येगळं कशाला? पोरीला कमी लेखायचं काम हाय हे." महिलांची जगज्जेतेपदाची स्पर्धा मुळात सुरू का झाली, आणि मुलीनं नेमकं कुठं खेळावं?

ताई, तुमच्या सासऱ्यांचा प्रश्न मला दर उन्हाळी वर्गात एकदा तरी येतो. मंगळवार पेठेत मी सव्वीस वर्षं मुलांना शिकवते, त्याआधी स्वतः राज्य पातळीवर खेळले. बहुतेक वेळा हा प्रश्न खवचटपणे विचारला जातो. आजोबांनी तो नातीची बाजू घेऊन विचारलाय, म्हणून जरा ऐसपैस उत्तर देते.

त्यांच्याच बोलीत सांगते. खासबाग मैदानाच्या हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यात, उतरणारा पैलवान नुसत्या जोर-बैठकांनी तयार होत नाही, तो जोडीनं तयार होतो. वस्तादानं वरचढाशी जोड लावली की पोरगं दोनदा चितपट होतं आणि तिसऱ्यांदा समोरच्याचाच डाव त्याच्यावर टाकतं. तालमीत सगळेच आपल्यापेक्षा कच्चे असतील तर अंग नुसतं फुगतं. महिलांच्या बुद्धिबळाचा सव्वाशे वर्षांचा इतिहास मी याच नजरेनं वाचते. कुणाला कुणाशी जोड मिळाली, कुणाची जोड अडवली गेली, एवढं बघत गेलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

महिलांची पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा १८९७ साली लंडनला झाली. वीस जणी खेळल्या. ब्रिस्टलची मेरी रज हिनं १९ डावांत साडेअठरा गुण घेतले, तेव्हा तिनं पन्नाशी ओलांडली होती. पन्नाशीची बाई एकोणीस डावांत फक्त अर्धा गुण सोडते, याचा अर्थ ती अनेक वर्षं या ताकदीची होती आणि दाखवायला जागा नव्हती. त्या काळी कित्येक क्लबांत बायकांना दारातूनच परत पाठवत.

जगज्जेतेपद आलं १९२७ मध्ये, तेही लंडनलाच. जागतिक संघटना फिडे तेव्हा तीन वर्षांची होती. पुरुषांच्या पहिल्या ऑलिम्पियाडला, म्हणजे देशांच्या संघांच्या स्पर्धेला, जोडून महिलांची स्पर्धा भरवली आणि बारा जणींत व्हेरा मेंचिक पहिली आली. जन्म मॉस्कोचा, वडील चेक, आई इंग्रज. क्रांतीनंतर घर मोडलं आणि ती मुलगी १९२१ साली इंग्लंडला आली. भाषा धड येत नव्हती, बुद्धिबळाला भाषा लागत नाही म्हणून ती हेस्टिंग्जच्या क्लबात जाऊ लागली. तिथं तिला गेझा मारोत्सी हा हंगेरीचा थोर खेळाडू गुरू म्हणून मिळाला. म्हणजे वस्तादही मिळाला आणि रोजची जोडही.

पुढचे आकडे आजोबांना वाचून दाखवा. १९२७ ते १९३९ या काळात महिलांच्या जागतिक स्पर्धा सात झाल्या, सातही व्हेरानं जिंकल्या. एकूण ८३ डाव, त्यांत ७८ जिंकले, ४ बरोबरीत, १ हरला. फोकस्टोनला १९३३ साली चौदापैकी चौदा, स्टॉकहोमला १९३७ साली पुन्हा चौदापैकी चौदा. महिलांत तिला जोडच उरली नव्हती.

मग ती पुरुषांत गेली. १९२९ ची कार्ल्सबादची स्पर्धा, बावीस खेळाडू, सगळे नावाजलेले. अल्बर्ट बेकर नावाच्या व्हिएन्नाच्या मास्टरनं थट्टा केली की हिच्याकडून जो हरेल त्याला आपण 'व्हेरा मेंचिक क्लब'चा सभासद करून घेऊ. पहिला सभासद तो स्वतःच झाला. ही गोष्ट सगळीकडे इथंच थांबते, पण मी वर्गात पुढचंही सांगते: त्या स्पर्धेत व्हेरा शेवटची आली, २१ डावांत ३ गुण. मुलींना हे कळायला हवं. ती शेवटची आली आणि तरी पुढच्या स्पर्धेला गेली. हळूहळू क्लब भरत गेला. पुढे जगज्जेता झालेला मॅक्स युवे त्यात आला, रेशेव्हस्की आला, आणि आपल्या अखंड हिंदुस्थानातून गेलेला मीर सुलतान खानही आला.

सुलतान खानवरून आठवलं. ज्या सर उमर हयात खान यांच्या पदरी तो होता, त्यांच्याच घरात फातिमा नावाची एक मुलगी कामाला होती. लोक तिला मिस फातिमा म्हणत. १९३३ साली तिनं ब्रिटिश महिलांचं अजिंक्यपद जिंकलं. त्याच वर्षी सुलतान खान ब्रिटिश विजेता. धन्याबरोबर ती मायदेशी परतली आणि तिचं बुद्धिबळ तिथंच थांबलं. आपल्याकडच्या मुलींच्या इतिहासाची सुरुवात मी तिच्यापासून करते.

व्हेराचा शेवट वाईट झाला. १९४४ च्या जूनमध्ये लंडनमधल्या तिच्या घरावर जर्मन उडता बॉम्ब पडला. ती, तिची आई आणि बहीण ऑल्गा एकाच वेळी गेल्या. किताब तिच्याकडेच होता. आज ऑलिम्पियाडमध्ये महिलांच्या विजेत्या संघाला जो चषक देतात त्याला तिचं नाव आहे.

रिकामं झालेलं आसन भरायला १९४९-५० च्या हिवाळ्यात मॉस्कोत सोळा जणींची स्पर्धा झाली आणि तिथून चाळीस वर्षं किताब सोव्हिएत संघाबाहेर गेला नाही. ल्युडमिला रुडेन्को, एलिझावेता बिकोव्हा, ऑल्गा रुब्त्सोव्हा, परत बिकोव्हा. यांची नावं आपल्याकडं कुणी घेत नाही. रुडेन्कोनं युद्धात वेढा पडलेल्या लेनिनग्राडमधून मुलांना बाहेर काढणारी आगगाडी चालवायची व्यवस्था केली होती, आणि जगज्जेतेपदापेक्षा तिला स्वतःला तेच काम मोठं वाटे. रुब्त्सोव्हा पाच लेकरांची आई. पुढे पत्रानं खेळल्या जाणाऱ्या बुद्धिबळातही ती महिलांची पहिली जगज्जेती झाली. या काळात एक गोष्ट मात्र पक्की झाली. आव्हानवीर ठरवायची वेगळी स्पर्धा, मग विजेतीशी समोरासमोर सामना, अशी शिस्तशीर वाट तयार झाली. सामने भरवायला सरकार होतं, शिकवायला प्रशिक्षक होते, खेळाडूला पगार होता.

आता जॉर्जिया. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण कोल्हापूरच्या माणसाला जॉर्जिया लगेच कळेल. तेव्हा सोव्हिएत संघाचा एक कोपरा, आकारानं महाराष्ट्राच्या पाव हिश्श्याहूनही लहान. आपल्याकडं जसं पोरगं जन्मलं की कुणी तरी म्हणतं "पैलवान झाला", तसं तिथं मुलीच्या रुखवतात बुद्धिबळाचा पट ठेवायची चाल होती म्हणतात. त्या मातीतून नोना गाप्रिंदाश्विली आली. पाच भावांत एकटी बहीण, म्हणजे घरातच पाच जोडी. १९६२ साली वयाच्या एकविसाव्या वर्षी तिनं बिकोव्हाला ९-२ असं हरवलं, एकही डाव न गमावता, आणि सोळा वर्षं किताब राखला. त्याहून मोठी गोष्ट तिनं १९७७ मध्ये केली. अमेरिकेत लोन पाइनच्या खुल्या स्पर्धेत ती संयुक्त पहिली आली, आणि १९७८ साली फिडेनं तिला ग्रँडमास्टर हा बुद्धिबळातला सर्वांत वरचा किताब दिला. 'महिला ग्रँडमास्टर' नव्हे, पुरुषांना देतात तोच. तो मिळवणारी ती जगातली पहिली बाई. अलीकडं एका गाजलेल्या परदेशी वेबमालिकेत ती पुरुषांशी कधी खेळलीच नाही, असं वाक्य आलं. ऐंशीच्या घरातली नोना थेट अमेरिकेतल्या कोर्टात गेली आणि २०२२ मध्ये मालिकावाल्यांना तडजोड करायला लावली. जिनं आयुष्यभर ज्यांच्याशी जोड केली त्यांनाच कुणी खोडून टाकलं, तर ती गप्प बसेल?

ज्या वर्षी ती ग्रँडमास्टर झाली त्याच वर्षी तिचा जगज्जेतीचा किताब सतरा वर्षांच्या मायानं घेतला. माया चिबुर्दानिद्झे, तीही जॉर्जियाचीच. तालमीतला वस्ताद हरतो तो बहुधा त्याच तालमीतल्या पोराकडून.

आता आपल्या घरची गोष्ट. तुमच्या सासऱ्यांचा प्रश्न मुंबईत गिरगावच्या एका घरानं पन्नास वर्षांपूर्वी कोर्टात नेला होता. वासंती, जयश्री आणि रोहिणी या खाडिलकर बहिणी. १९७४ साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली ती वासंतीनं जिंकली, आणि पुढची बरीच वर्षं किताब त्या तिघींतच फिरत राहिला. धाकटी रोहिणी. १९७६ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, ती पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला बसली. लगेच गदारोळ. बाई पुरुषांत कशी? प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, निकाल तिच्या बाजूनं लागला. त्या वेळी फिडेचा अध्यक्ष होता मॅक्स युवे. त्यानंही निर्णय दिला की राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून महिलांना महिला म्हणून अडवता येणार नाही. युवे म्हणजे तोच, व्हेरा मेंचिक क्लबचा सभासद! मला ही साखळी फार आवडते. त्याला बाईच्या हातून हरण्याची चव ठाऊक होती.

रोहिणी पुढे १९८१ मध्ये आशियाई विजेती झाली, पाच वेळा राष्ट्रीय विजेती झाली. तिच्यामागून मराठी मुलींची रांगच लागली. अनुपमा अभ्यंकर, म्हणजे नंतरच्या गोखले, १९८५ ला आशियाई विजेती. भाग्यश्री साठे, पुढच्या ठिपसे, पाच वेळा राष्ट्रीय आणि १९९१ ला आशियाई. आमच्या पिढीच्या मुली वर्तमानपत्रातली यांची कात्रणं वहीत चिकटवायच्या. शेजारच्या सांगलीची स्वाती घाटे तर आमच्या डोळ्यांसमोर महिला ग्रँडमास्टर झाली. सांगलीला भाऊसाहेब पडसलगीकरांनी बुद्धिबळाचं वेडच लावून ठेवलं होतं. आपण पन्नास किलोमीटरवर असून मागं का राहिलो, तर आपलं सगळं लक्ष माती आणि फुटबॉल यांच्याकडं, हे माझं प्रामाणिक मत आहे. आजोबांना ते आवडणार नाही. अर्थात आता आपली ऋचा पुजारी आहे, कोल्हापूरची महिला इंटरनॅशनल मास्टर, म्हणजे महिला ग्रँडमास्टरच्या खालची पायरी, आणि माझ्या वर्गातल्या मुलींना ती दूरची वाटत नाही, हेच पुष्कळ झालं.

एक सांगायचं राहिलं. मूळ आपल्या पटावर बाई नाहीच. राजाशेजारी वजीर. युरोपात गेल्यावर त्याची राणी झाली आणि तिला पटभर धावायची ताकद मिळाली. आताची मुलं मोबाईलवर शिकतात, ती "माझी राणी गेली" म्हणतात, जुने लोक "वजीर गेला". मी दोन्ही चालवून घेते.

रोहिणीनं दार उघडलं तरी जगात सगळीकडं ते उघडलं नव्हतं. हंगेरीत पोल्गार नावाच्या घरातही तीन बहिणी होत्या. बापानं ठरवून त्यांना लहानपणापासून बुद्धिबळात घातलं आणि महिलांच्या स्पर्धांपासून शक्यतो लांब ठेवलं. थोरली सुसान १९८६ साली पुरुषांच्या जागतिक स्पर्धेच्या प्रादेशिक फेरीला पात्र ठरली, तरी तिला बसू दिलं नाही. म्हणजे मुंबईत निकाली निघालेली कुस्ती युरोपात दहा वर्षांनी पुन्हा लागली. त्यावर कडी म्हणजे १९८७ ची रेटिंग यादी. रेटिंग म्हणजे खेळाडूची ताकद मोजणारा आकडा. फिडेनं जगातल्या सगळ्या महिलांना १०० गुण वाढवून दिले, एकट्या सुसानला सोडून. कारण काय, तर बाकीच्या आपापसांत खेळतात म्हणून त्यांचं रेटिंग कमी दिसतं, ही पुरुषांत खेळते म्हणून हिचं बरोबर आहे. त्या एका यादीनं सुसान पहिल्या क्रमांकावरून खाली आली. कागदावर तर्क होताही. पण हौद्यात कुस्ती झालीच नाही आणि एकजण चितपट, असा प्रकार.

धाकटी ज्युडिट मात्र निराळंच पाणी. ती महिलांच्या जगज्जेतेपदाला कधी बसलीच नाही. १९९१ मध्ये पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर, पुढे जगातल्या सगळ्या खेळाडूंत, पुरुष धरून, आठवी. रेटिंग २७३५ पर्यंत. आजवर कुठल्याही बाईनं हा आकडा गाठलेला नाही.

इथं आजोबा म्हणतील, "बघा, मी काय सांगत होतो? मुलींच्या गटात घालूच नका." थांबा. ज्युडिटच्या मागं घरातच दोन तगड्या बहिणी, शिक्षक आई-बाप आणि शाळेत न जाता घरी शिकायची मुभा होती. सकाळी सातला ट्यूशन आणि दुपारी शाळा असलेल्या राजारामपुरीतल्या पोरीला ते मोजमाप लावता येत नाही. महिलांची वेगळी वाट नसती तर काय झालं असतं ते चीनकडं बघून कळतं. शिए जुन ही मुलगी दहाव्या वर्षी बीजिंगमध्ये चिनी बुद्धिबळाची मुलींतली विजेती होती. तिला आंतरराष्ट्रीय बुद्धिबळाकडं वळवलं, आणि १९९१ साली तिनं मायाला हरवून सोव्हिएत साखळी तोडली. ती जिंकली म्हणून सरकारनं पैसे घातले, पैसे घातले म्हणून मुली आल्या. तिच्यामागून झू चेन, शू युहुआ, होऊ यिफान, तान झोंगयी आणि आत्ताची जगज्जेती जू वेनजुन. २०२५ मध्ये जूनं तानला साडेसहा-अडीच असं हरवून किताब राखला. एक विजेतेपद असं देशाला कामाला लावतं. ज्युडिटची आठवी जागा त्यापेक्षा मोठी असेल, पण तिला गदा नाही, आणि गदा नसली की गावाला कळत नाही.

या वाटेवर खड्डेही भरपूर. सुसान १९९६ ला जगज्जेती झाली, पुढच्या सामन्याच्या वेळी बाळंतपण आलं, तिनं मुदत मागितली. सामन्याच्या अटींवरही वाद होताच. शेवटी किताब काढून घेतला. उलट २००६ मध्ये शू युहुआ गरोदर असताना खेळली आणि जिंकली. मग बरीच वर्षं बाद पद्धतीनं जगज्जेती ठरायची, चौसष्ट जणी, दोन-दोन डावांच्या फेऱ्या, एक चूक झाली की घरी. त्यामुळं किताब दर वर्षा-दोन वर्षांनी हात बदलायचा आणि लोकांना आज कोण जगज्जेती हेच आठवायचं नाही. २०१९ पासून परत आठ जणींची आव्हानवीर स्पर्धा आणि मग सामना, अशी जुनी पद्धत आली. बरं झालं.

होऊ यिफानची एक गोष्ट आजोबांना नक्की सांगा, ती त्यांच्या कामाची आहे. सोळाव्या वर्षी, २०१० मध्ये ती जगज्जेती झाली. २०११ ला तिरानात तिनं आपल्या कोनेरू हंपीला हरवलं. नंतर महिलांतली तिची जोड संपली, व्हेरासारखीच, आणि तिनं त्या वाटेवरून अंग काढून घेतलं. २०१७ साली जिब्राल्टरच्या खुल्या स्पर्धेत दहापैकी सात फेऱ्यांना तिच्यासमोर बायकाच आल्या. ती वैतागली. शेवटच्या फेरीत पाच चालींत डाव सोडून उठली, निषेध म्हणून. तसं करणं बरोबर होतं असं मला वाटत नाही, समोर बसलेल्या भारतीय खेळाडूचा त्यात काय दोष? पण तिचं दुखणं मला कळतं. खुल्या स्पर्धेत येऊनही जोड मिळाली नाही.

आता 'डोक्याचा खेळ' या मुद्द्याकडं. मार्केट यार्डात गुळाचा सौदा बघितला असेल. एकाच शेतकऱ्याच्या, एकाच गुऱ्हाळातल्या शंभर ढेपांतून सर्वांत उजवी निवडा आणि दहा ढेपांतून सर्वांत उजवी निवडा. शंभरातली बहुतेक वेळा सरस निघणार. गूळ तोच, ऊस तोच, नग कमी. जगात रेटिंग असलेल्या खेळाडूंत बायका साधारण दहात एक. त्यामुळं वरच्या टोकाला फरक दिसणारच. सगळा फरक एवढ्यानंच भरून निघतो असं मी छातीठोक म्हणणार नाही, पण फार मोठा भाग यात आहे, आणि ढेपा दहाच का येतात ते मी रोज बघते. माझ्याकडं आठ-नऊ वर्षांच्या वयात मुलं-मुली जवळपास निम्म्या निम्म्या येतात. आठवीपर्यंत मुली एक तृतीयांश उरतात. दहावीच्या वर्षी एखादीच. मुलाच्या दहावीला घरचे म्हणतात "एक वर्ष थांब", मुलीच्या दहावीला म्हणतात "आता बास". बाहेरगावची स्पर्धा म्हणजे मुलगा मित्रांबरोबर एसटीनं जातो. मुलीबरोबर आई हवी, म्हणजे दोन तिकिटं, लॉजची वेगळी खोली, आईची रजा. शिवाय मंगल कार्यालयात स्पर्धा असते तिथं बायकांचं स्वच्छतागृह कुलपात. तीन तासांच्या डावात मुलगी पाणी प्यायची टाळते, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय आणि स्वतः केलंयही.

आणि 'उत्कृष्ट महिला' हे बक्षीस. १९९० च्या दशकात एका खुल्या स्पर्धेत, गाव आणि संयोजक सांगत नाही, मी एकूणात तिसरी आले. स्टेजवर तिसऱ्याचं बक्षीस चौथ्या आलेल्या मुलाला दिलं आणि मला 'उत्कृष्ट महिला' म्हणून स्टीलचा डबा. रकमेत तिप्पट फरक होता. मी काही बोलले नाही, तेव्हा बोलायचं सुचलं नाही. डबा अजून आहे, त्यात मी जादा प्यादी ठेवते. आता मुलींना सांगून ठेवते की बक्षिसांचा नियम पहिल्या फेरीआधी वाचा. दोन बक्षिसं लागू झाली तर मोठं मिळतं, असं पत्रकात लिहिलेलं असतं. नसलं तर तिथंच विचारा.

'महिला ग्रँडमास्टर' या किताबाबद्दलही लोक गोंधळतात. त्याला २३०० रेटिंग लागतं, ग्रँडमास्टरला २५००. दोन्हींना रेटिंगशिवाय नॉर्मही लागतात, म्हणजे ठरावीक दर्जाच्या स्पर्धांत ठरावीक कामगिरी. महिला किताब १९७६ मध्ये आला. काहीजणी तो घेतच नाहीत, कमीपणा वाटतो म्हणून. मला तो जिन्यातला मधला कठडा वाटतो. दम खायला थांबावं, तिथंच बिऱ्हाड करू नये. आपल्याकडं विजयालक्ष्मी सुब्बरामन २००१ मध्ये पहिली महिला ग्रँडमास्टर झाली आणि वर्षभरातच २००२ ला पंधरा वर्षांची हंपी थेट ग्रँडमास्टर. हंपी तर लेकीच्या जन्मानंतर परत आली, २०१९ ला जलद बुद्धिबळाची जगज्जेती झाली, २०२४ ला पुन्हा झाली. ग्रँडमास्टर होणाऱ्या भारतीय बायका आजवर चार: हंपी, हरिका, वैशाली आणि आपली नागपूरची दिव्या देशमुख.

दिव्याची गोष्ट तुमच्या मुलीला माहीत असेलच, पण आजोबांसाठी लिहिते. २०२५ च्या जुलैत जॉर्जियातल्या बातुमीला महिलांचा विश्वचषक झाला. नोनाच्या आणि मायाच्या देशात. दिव्या १९ वर्षांची, पंधरावं मानांकन, ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म हाताशी नाही. अंतिम फेरीत समोर हंपी. दोन्ही मोठे डाव बरोबरीत सुटले, जलद डावांत दिव्यानं काळी मोहरी घेऊन निर्णायक डाव जिंकला. त्या स्पर्धेच्या विजेतीला ग्रँडमास्टर किताब थेट मिळतो, तो तिला मिळाला, भारताची ८८ वी ग्रँडमास्टर. महिलांच्या स्पर्धेनं तिला पुरुषांचा किताब दिला, आजोबा! त्याआधी २०२४ ला बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये आपल्या दोन्ही संघांनी सुवर्ण घेतलं, महिला संघाचे कर्णधार पुण्याचे अभिजित कुंटे होते आणि तिसऱ्या पटावरचं वैयक्तिक सुवर्ण दिव्याचं. ती खुल्या स्पर्धाही लहानपणापासून खेळत आली आहे.

म्हणून तुमच्या मुलीचं असं करा. जिल्ह्याच्या मुलींच्या गटात नाव घाला. तिथून राज्य, राज्यातून राष्ट्रीय, ही वाट सरळ आहे आणि दहाव्या वर्षी भारताच्या सगळ्या कोपऱ्यांतल्या मुली बघणं हेच मोठं शिक्षण. तिथं तिला मैत्रिणी मिळतील, आणि पंधराव्या वर्षी मुली टिकतात त्या बऱ्याचदा मैत्रिणीमुळं. त्याबरोबर वर्षात किमान सहा खुल्या रेटिंग स्पर्धा, इथं, सांगलीत, इचलकरंजीत, जमेल तशा पुण्यात. खुल्या स्पर्धेत ती मधल्या पटांवर बसेल, कधी साठीच्या निवृत्त मास्तरांसमोर, कधी बारावीच्या पोरासमोर. पहिल्या दोन-तीन स्पर्धांत गुण कमी पडतील. तेव्हा घरी "मुलींच्यातच बरी होतीस" एवढं मात्र कुणी म्हणायचं नाही. दोन्हींच्या तारखा भिडल्या तर या वर्षी मुलींची निवडस्पर्धा धरा. तेरा-चौदाची झाली की खुली धरा. एखाद्या वर्षी मुलींत सगळे डाव जिंकायला लागली तर मला कळवा, तेव्हा पुन्हा बोलू.

हरलेला डाव लिहिलेला कागद जपून ठेवा, जिंकलेल्याचा हरवला तरी चालेल. हॉलमध्ये स्वच्छतागृह कुठं आहे ते फेरी सुरू व्हायच्या आधी बघून घ्या. आणि आजोबांना बरोबर जरूर न्या, त्यांना पोरीची काळजी आहे. फक्त एक आधीच समजावून ठेवा: कुस्तीला जसं हौद्याच्या कडेनं "पट काढ, पट काढ" ओरडता येतं तसं इथं चालत नाही. खाकरलं तरी पंच वळून बघतो, आणि बाहेरून चाल सांगितली तर नातीचा डावही जाऊ शकतो.